अंतर्गत ऑडिटरचं म्हणणं सभासदांपुढे येऊ द्या

१२२ कोटी रुपये पाचशेच्या नोटांत मांडले, तर हजार नोटांचं एक अशी २,४४० बंडलं होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तपासनीस मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत गेले, तेव्हा प्रभादेवी आणि गोरेगावच्या रोकडीत एवढी रक्कम कमी असल्याचं समोर आलं. प्रकरण न्यायालयात आहे, दोषी कोण ते तिथे ठरेल. पण माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं सांगली-कोल्हापूर भागातल्या नागरी सहकारी बँकांच्या अंतर्गत लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे ती बातमी वाचून मला पहिल्यांदा माझ्या पेशातली माणसं आठवली. अशा बँकेत अंतर्गत, कन्करंट आणि वैधानिक असं तीन थरांचं ऑडिट असतं. तिजोरीसमोर कुणीतरी उभं राहिलेलं असतं, कुणीतरी सही केलेली असते. त्या माणसाने काय पाहिलं, आणि पाहिलेलं लिहिलं असेल तर ते कुठे गेलं, हे मला विचारावंसं वाटतं.

रोकड पडताळणी बाहेरच्या माणसाला यांत्रिक काम वाटतं. शाखेत न कळवता जायचं, तेही काउंटर उघडायच्या आधी. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, एक शाखाधिकाऱ्याकडे आणि दुसरी हेड कॅशिअरकडे. दोन्ही किल्ल्या एकाच ड्रॉवरमधून निघाल्या, तर पहिला शेरा तिथेच पडतो. आत गेल्यावर मागच्या रांगेतली बंडलं आधी काढायला सांगायची, कारण पुढची रांग नेहमीच नीट लावलेली असते. बंडल सोडून मधली पाकिटं बघायची. मग कॅश बुकातली आदल्या दिवशीची अखेर शिल्लक, संगणकातली शिल्लक आणि समोरची रोकड अशा तिन्ही जुळवायच्या. शाखेला रोकड ठेवायची मर्यादा ठरलेली असते. रोज त्याहून जास्त शिल्लक दिसत असेल तर ती कशासाठी, हा प्रश्न मोजणीच्याही आधीचा. आणि जवळच्या दोन शाखांची तिजोरी एकाच वेळी मोजायची, नाहीतर तेच पैसे दोन ठिकाणी मोजले जाऊ शकतात. “मॅडम, आधी चहा घ्या, तिजोरी कुठं पळून जातीय,” असं शाखाधिकारी म्हणतो, आणि बहुतेक वेळा मनापासून म्हणतो. तरी चहा मोजणीनंतरच घ्यायचा, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला पहिल्या दिवशी सांगत आले.

या कामाचा पसारा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. मी लागले तेव्हा ऑडिट म्हणजे व्हाऊचर तपासायचं, हिरव्या शाईने टिक करायची, बेरजा मारायच्या, सोनेतारणाच्या पिशव्यांची सीलं बघायची. पुढे कोअर बँकिंग आलं आणि चुकीची बेरीज हा प्रकारच संपला. आता शाखेत गेल्यावर विचारायचं ते असं: रजेवर असलेल्या माणसाच्या पासवर्डने काल एंट्री कशी झाली? नोंद करणारा आणि ती मंजूर करणारा हे दोन युजर एकाच टेबलावरून काम करतायत का? कर्जखात्याची हप्त्याची तारीख कुणी बदलली, आणि बदलताना कारण लिहिलं का? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि एकूण ९४ कोटी रुपये गेले. त्यात बँकेच्या तिजोरीला कुणी हातही लावला नव्हता. एटीएमचा हिशेब रोजच्या रोज जुळवला जातो का, सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे कोण बघतं, हेही आता ऑडिटरने विचारायचं असतं. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माझ्यासारखीला ते चाळिशीनंतर शिकावं लागलं, आणि ते शिकणं मला मनापासून आवडलं.

मात्र जिथे नोंदच नाही तिथे टिक करणारा काय करणार? पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतला १३ हजार कोटींहून मोठा घोटाळा २०१८ च्या सुरुवातीला उघडकीला आला. नीरव मोदीच्या कंपन्यांसाठी परदेशातल्या शाखांना स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेवरून हमीचे संदेश जात होते. स्विफ्ट कोअर बँकिंगशी जोडलेलं नव्हतं, त्यामुळे बँकेच्या खात्यात त्याची नोंद उमटतच नव्हती. हे बाहेर आलं ते ऑडिटमधून नाही. कंपनीची माणसं नेहमीप्रमाणे हमी मागायला आली आणि त्या खुर्चीत नव्याने आलेल्या अधिकाऱ्याने १०० टक्के रोख मार्जिन मागितलं, तिथून सगळा प्रकार उलगडला. एकाच माणसाला एकाच टेबलावर वर्षानुवर्षं ठेवू नका, असं प्रत्येक तपासणी अहवालात लिहिलेलं असतं. ते का लिहितात हे या प्रकरणाएवढं स्वच्छ कुठेच दिसत नाही.

असं असलं तरी, ऑडिटरला दिसत नाही ही खरी अडचण नाही, असं माझं ठाम मत आहे. शाखेत आठ दिवस बसलेल्या माणसाला पुष्कळ दिसतं. अडचण पुढे सुरू होते.

एका बँकेतली गोष्ट सांगते, नाव सांगत नाही. एका थकीत कर्जखात्यात ३१ मार्चला पूर्ण रक्कम भरलेली होती आणि खातं नियमित दिसत होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेवढ्याच रकमेचं कर्ज त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्या फर्मला दिलेलं. भरणा कुठून आला म्हणून मागे मागे गेले, तर तो आमच्याच बँकेच्या एका अनामत खात्यातून आला होता, आणि नवं कर्ज उचललं त्या दिवशी ते अनामत खातं पुन्हा पूर्ववत झालं होतं. म्हणजे वसुली शून्य. मी हे तारखांसकट लिहिलं आणि शेऱ्यावर ‘गंभीर’ असं नमूद केलं. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. “मॅडम, ते चेअरमनसाहेबांचे पाहुणे आहेत. मुद्दा ठेवा, पण शब्द जरा सौम्य करा.” मी केले नाहीत. अहवाल पुढे गेला तेव्हा तो मुद्दा ‘इतर निरीक्षणे’ या मथळ्याखाली गेलेला होता आणि शाखेने त्याची पूर्तता लिहून दिली होती: ‘यापुढे दक्षता घेतली जाईल.’ त्या वर्षी माझी बदली वसुली विभागात झाली. माझा गोपनीय अहवाल लिहिणारे आणि मी ज्यांचं काम तपासत होते ते, एकच होते.

रिझर्व्ह बँकेला हे ठाऊक नाही असं नाही. २०२१ मध्ये तिने ५०० कोटी आणि त्याहून अधिक मालमत्ता असलेल्या नागरी बँकांना जोखीम-आधारित अंतर्गत लेखापरीक्षण लागू केलं. जिथे धोका जास्त तिथे आधी आणि खोलवर बघायचं, हे त्याचं सूत्र, आणि ते योग्यच आहे. लेखापरीक्षण विभाग स्वतंत्र असावा, त्याला अधिकार आणि माणूसबळ असावं, हेही त्यात आहे. पण विभागप्रमुखाने संचालक मंडळाला किंवा त्याच्या लेखापरीक्षण समितीला अहवाल द्यावा, तसंच व्यवस्थापकीय संचालकांना दिला तरी चालेल, अशा दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. माझ्या मते दुसरी वाट बंद करायला हवी. ज्याच्या सहीने कर्ज मंजूर होतं, त्याच्याच हाती ते कर्ज तपासणाऱ्याची बढती असू नये.

मोठ्या कंपन्यांत हा प्रश्न सुटलाय असंही कुणी समजू नये. कंपनी कायद्याच्या कलम १३८ मुळे शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला अंतर्गत लेखापरीक्षक नेमावा लागतो. सत्यम या संगणक कंपनीला अंतर्गत लेखापरीक्षण विभाग होताच. तरी तिथला फुगवलेला ताळेबंद ७ जानेवारी २००९ ला संस्थापक रामलिंग राजूंच्या स्वतःच्या पत्रातून बाहेर आला, आणि २०१५ मध्ये हैदराबादच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्या दहा जणांत त्या विभागाचे प्रमुखही होते. याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतल्या वर्ल्डकॉमचं. २००२ मध्ये तिथल्या अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख सिंथिया कूपर यांना खर्चाच्या रकमा मालमत्ता म्हणून दाखवल्याचा संशय आला. वित्तप्रमुखांनी तपासणी पुढे ढकलायला सांगितलं. कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संध्याकाळनंतर बसून नोंदी उपसल्या आणि त्या थेट संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या. ३.८ अब्ज डॉलरची लबाडी त्यातून उघड झाली. बाईंची हिंमत मोठीच, मी त्यांना मानते. पण ती हिंमत वाया गेली नाही, कारण वित्तप्रमुखांना वळसा घालून जायला एक दार तिथे होतं.

आपल्याकडे ते दार कुठलं? सहकारी बँकेत सगळ्यात वरची जागा वार्षिक सर्वसाधारण सभेची आहे. ३० सप्टेंबरच्या आत सभा होते, मंगल कार्यालय भरतं. विषयपत्रिकेवर वैधानिक लेखापरीक्षण अहवाल आणि मागच्या वर्षीचा दोष-दुरुस्ती अहवाल असतो. सचिव भराभरा वाचतात, मागच्या रांगांतून “मंजूर, मंजूर” येतं आणि पुढचा विषय सुरू होतो. अंतर्गत लेखापरीक्षणाचा तर तिथे उल्लेखही होत नाही. त्या विभागाचा प्रमुख कोण आहे, हे सभासदांना माहीत नसतं.

माझी मागणी अशी आहे. अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुखाने सभेत स्वतः उभं राहून वर्षाचा तक्ता वाचावा: गंभीर शेरे किती निघाले, किती निकाली निघाले, वर्षाहून जास्त काळ किती पडून आहेत, कुठल्या शाखांची तपासणी झालीच नाही. तो वर्षाच्या मध्येच बदलला गेला असेल, तर त्याचं कारण संचालक मंडळाने सांगावं. यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं, की असं जाहीर वाचलं तर अफवा उठतील आणि ठेवी काढायला रांगा लागतील. ही भीती मी हलकी मानत नाही; बँक विश्वासावर चालते. पण मी कर्जदारांची नावं मागत नाहीये, आकडे मागतेय. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा मिळाली, त्याआधी कुठलीही अफवा त्यांच्या कानावर आली नव्हती. एकाच बिल्डर समूहाची कर्जं २१ हजारांहून अधिक खोट्या खात्यांमागे दडवल्याचं नंतर बाहेर आलं. सभासदांना अंधारात ठेवूनही बँक वाचली नाही. आज ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा आहे. गावोगावच्या पतसंस्थांतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं तेवढंही संरक्षण नाही, आणि तिथे तर अंतर्गत ऑडिट बहुतेक कागदावरच असतं.

आणखी एक, हे संचालकांसाठी. “त्याला ऑडिटला टाकलं” असं आपण ज्या सुरात म्हणतो, त्यात शिक्षा असते. निवृत्तीला आलेली, कुणाशी पटत नसलेली, आजारी माणसं या विभागात पाठवली जातात. तिथे तिशीतली, संगणकातला डेटा स्वतः काढता येणारी, कर्जविभागात काम केलेली माणसं हवीत, आणि तिथून परतताना त्यांना बढतीत त्याचा फायदा मिळायला हवा.

मी स्वतः एका बँकेची सभासद आहे. यंदाच्या सभेसाठी हा तक्ता वाचण्याचा ठराव मी लेखी दिला. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळच्या विषयांत घेऊ, असं मला सांगण्यात आलं. आयत्या वेळच्या विषयांवर नुसतं बोलणं होतं आणि लोक जेवायला उठतात, म्हणून तो विषयपत्रिकेतच छापावा असं दुसरं पत्र मी दिलं आहे, त्यावर आणखी काही सभासदांच्या सह्या आहेत, आणि त्याची पोच माझ्याकडे आहे.