मायबाप सरकार : हक्क आणि ओवाळणी

'सरकार' हा शब्द आपल्या मराठवाड्यात ज्या अजिजीने उच्चारला जातो, तसा तो महाराष्ट्राच्या दुसऱ्या भागात क्वचितच उच्चारला जात असेल. निजामाच्या राजवटीत येथील माणूस रयत होता. मायबाप सरकारच्या दारी जावे, हात जोडावेत आणि जे पदरात पडेल ते घेऊन परत यावे, एवढेच त्याला ठाऊक होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली, २६ जानेवारी १९५० पासून तो भारतीय प्रजासत्ताकाचा नागरिक झाला; परंतु मनातले मायबाप काही गेले नाहीत. चाकूरच्या तहसील कचेरीबाहेर कोणीही तासभर उभे राहून पाहावे. तेथे आलेला माणूस 'मला हे मिळाले पाहिजे' असे म्हणत नाही. 'साहेब, तेवढं आमचं बघा' असे म्हणतो.

हे सारे आठवण्याचे कारण आपल्या महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धा. विषय होता, 'लोकानुनयी राजकारण लोकशाहीला मारक आहे.' विषय व्यापक होता, पण दोन्ही बाजूंचे वक्ते फिरून फिरून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेवरच येत होते. विषयाच्या बाजूने बोलणाऱ्या मुलांनी 'रेवडी, रेवडी' म्हणून टाळ्या घेतल्या. विरुद्ध बाजूच्या मुलींनी आपापल्या आईचे दाखले दिले आणि त्यांनाही टाळ्या मिळाल्या. मी परीक्षक असल्यामुळे मला गुण देण्यापलीकडे काही बोलता आले नाही. ते येथे बोलतो.

प्रथम या 'रेवडी'चा समाचार घेतला पाहिजे. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी हा शब्द वापरला आणि तो सर्वांच्या तोंडी बसला. गंमत अशी की, पुढे दोनच वर्षांनी महाराष्ट्रात त्यांच्याच पक्षाच्या महायुतीने दरमहा १५०० रुपयांची योजना आणली, निवडणुकीत २१०० चे आश्वासन दिले आणि विरोधी महाविकास आघाडीने ३००० रुपयांची बोली लावली. सीमेपलीकडे भालकी-बीदरच्या बायकांना काँग्रेसच्या सरकारने २०२३ पासूनच गृहलक्ष्मीचे २००० रुपये सुरू केले होते. तेव्हा या बाबतीत कोणत्याही पक्षाने दुसऱ्यास नावे ठेवू नयेत हे बरे. शिवाय रेवडी म्हणतो ती कोणाच्या हातातली? साखर कारखान्यांची कोट्यवधींची कर्जे सरकारच्या थकहमीवर उभी राहतात, त्यांस कोणी रेवडी म्हणत नाही. आम्हा प्राध्यापकांना सातवा वेतन आयोग मिळाला, तेव्हाही हा शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. निदान आमच्या स्टाफरूममध्ये तरी नाही!

पैसे थेट बाईच्या खात्यात जातात, ही गोष्ट लहान नाही. जिला औषधाच्या चिठ्ठीसाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागत होता, तिच्या नावाने महिन्याला १५०० रुपये जमा होतात आणि ती बँकेच्या रांगेत स्वतः उभी राहते. आपल्या मुलींनी स्पर्धेत सांगितले ते खरेच होते. माझा आक्षेप पैसे देण्याला नाही. ते कोणत्या नात्याने दिले जातात, याला आहे.

२८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात योजनेची घोषणा झाली आणि त्याच दिवशी शासन निर्णय निघाला. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. अर्ज धडाधड मंजूर झाले. राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन हप्ते एकदम खात्यात पडले. २० नोव्हेंबरला मतदान झाले. मतदान पार पडले आणि मग छाननी आली, निकष आठवले, २०२५ मध्ये ई-केवायसी आली. अपात्र माणसांनी पैसे घेतले असतील तर ते थांबलेच पाहिजेत, यात वाद नाही. परंतु जी चाळणी आधी लावायची ती मतदानानंतर का लागली, हे विचारण्याचा अधिकार बहिणीला नाही. कारण ती बहीण आहे! ओवाळणी किती घालायची, केव्हा घालायची आणि यंदा घालायची की नाही, हे भावाने ठरवायचे असते. ओवाळणी कमी पडली म्हणून कोणी बहीण कोर्टात गेल्याचे ऐकिवात नाही.

आता याच महाराष्ट्रातली दुसरी गोष्ट सांगतो. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांची पिढी आता थोडी उरली आहे. आपल्या भागात जुनी माणसे अजूनही 'दुष्काळात मी एवढा होतो' असे हाताने दाखवून वय सांगतात. खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बांध, परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी, हे शब्द त्यांच्या आयुष्यात कायमचे रुतून बसले आहेत. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. ती मुकाट्याने खडी फोडत बसली नव्हती. मजुरी वाढवा, वेळेवर द्या, गावाजवळ काम काढा, यासाठी त्यांनी मोर्चे काढले, संप केले. लाल निशाण, शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट असे सारे त्यांच्यामागे उभे होते. त्या काळच्या शहाण्या माणसांनी या चळवळींनाही लोकांना चिथावणाऱ्या म्हटलेच असेल.

त्यातून निघाले काय? विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ पासून सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग चालविला होता. तो १९७२ मध्ये राज्याची योजना झाला. १९७५ मध्ये तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसला आणि त्यातून जितके जमेल तितकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी कर द्यायचा, ही कल्पना किती धीट होती! माझ्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. हा आकडा नुसताच वजाबाकीत दिसतो; त्याचा इतिहास आमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असतो.

पुढे त्याचा कायदा झाला : महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७. मजुराने काम मागितले की १५ दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता दिवसाला किमान १ रुपया, म्हणजे हास्यास्पदच, आणि तोही सहसा कोणाच्या हाती पडला नाही. खोटे हजेरीपट, अडकलेली मजुरी, अर्धवट राहिलेले बांध, हेही सर्व झाले. पुढे पुढे तर जमलेला करसुद्धा या कामावर पुरता खर्च होईना आणि माणसे ऊसतोडीला जातच राहिली. या योजनेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. परंतु अडाणी मजूर बाई कचेरीत जाऊन 'मला काम पाहिजे' असे म्हणू शकत होती आणि तसे म्हणण्यामागे विधिमंडळाचा कायदा उभा होता. तिला साहेबांची कृपा लागत नव्हती. निदान कागदावर तरी लागत नव्हती, आणि कागदावर असलेल्या गोष्टीसाठी भांडता येते. २००५ मध्ये संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्यापुढे नमुना महाराष्ट्राचाच होता. डिसेंबर २०२५ मध्ये तो बाजूला सारून दुसरा कायदा आणला, तेव्हा सरकारला संसदेत उभे राहून कारणे द्यावी लागली आणि विरोध ऐकून घ्यावा लागला. शासन निर्णय बदलायला एक सही पुरते.

माझ्या घराजवळ एक आजी राहतात. त्यांनी मुलगी असताना दुष्काळात खडी फोडली. आज त्यांचे वय ६५ च्या पुढे, म्हणून त्या 'लाडकी बहीण' नाहीत, सून आहे. आपल्याला कामाचे पैसे मिळत होते आणि सुनेला भावाचे मिळतात, असे त्या म्हणतात. यात तक्रार आहे की कौतुक, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कधी उमगले नाही.

म्हणून चळवळी आणि लोकानुनय यांची सरमिसळ करू नये, असे मला वाटते. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर आले, गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसे त्यात होती. त्या असंतोषातून पुढे अनुशेषाची भाषा आली, वि. म. दांडेकरांच्या समितीने तो १९८४ मध्ये मोजून मांडला आणि १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. मंडळाने फार काही साधले असे कोणी म्हणणार नाही, २०२० मध्ये त्याची मुदतही संपली. पण मागणी मोजता आली, तिचा हिशेब विचारता आला.

शरद जोशींचा मार्ग याहून वेगळा. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून ते सांगत राहिले की, शेतकऱ्याला सरकारची भीक नको, घामाचे दाम हवेत. सरकारने बाजारातून बाजूला व्हावे. बाजूला व्हावे, हे मला पूर्णपणे मान्य नाही. बहात्तरला सरकार बाजूला झाले असते तर आपल्या भागात किती चुली विझल्या असत्या, याची कल्पनाही करवत नाही. परंतु त्यांचा पहिला मुद्दा लातूरच्या बाजारात उभे राहिले की पटतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि आडतीवर क्विंटलमागे पाच-सातशे रुपये कमी मिळत होते. ज्या घरात वीस क्विंटल सोयाबीन झाले, त्या घराचे सहाशेच्या हिशेबाने १२,००० रुपये बुडाले. म्हणजे आठ महिन्यांची ओवाळणी एका खेपेत आडतीवर राहिली. हमीभावात 'हमी' हा शब्द आहे, पण त्यामागे कायदा नाही.

वीजबिलाचेही तसेच. २००४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि निवडणूक संपल्यावर २००५ मध्ये ती बंद झाली. त्या वेळी मुख्यमंत्री आपल्याच बाभळगावचे विलासराव देशमुख होते. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत.

मग हा पैसा येतो कोठून? मे २०२५ मध्ये सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच आपल्या खात्याचा निधी लाडक्या बहिणींकडे वळविला जात असल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. आपल्या वर्गातील कितीतरी मुले-मुली त्याच खात्याच्या वसतिगृहांवर आणि शिष्यवृत्तीवर शिकतात. आईला १५०० मिळाले आणि मुलीची शिष्यवृत्ती अडली, तर त्या घराने सरकारचे आभार कोणत्या दाराने मानायचे? असे प्रश्न खर्च मंजूर करतानाच विचारले जावेत, यासाठी सभागृहे असतात. आपल्या चाकूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना, १९९३ मध्ये, खात्यांच्या मागण्या बारकाईने तपासण्यासाठी संसदेच्या विभागवार स्थायी समित्या सुरू झाल्या. चाकूरकरांनी त्यांच्याविषयी अनेक गोष्टींचा अभिमान बाळगला. या रुक्ष गोष्टीचा फारसा कोणी उल्लेख करीत नाही.

लाडकी बहीण योजना बंद करा, असे मी म्हणणार नाही. तिचा कायदा करा. कोण पात्र, कोणत्या तारखेला पैसे, नाव कापले तर कोणाकडे दाद मागायची आणि कोणत्या करातून खर्च भागवायचा, हे विधिमंडळात मांडा.

स्पर्धेनंतर एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, असा कायदा केला तर मग पुढाऱ्याला त्याचं श्रेय कसं मिळणार?" प्रश्न बिनतोड आहे. रोजगार हमी योजना राज्यभर गेली तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. कर बसला तेव्हा शंकरराव चव्हाण होते. आणि कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अंमलात आला, तेव्हा शरद पवार. हजेरीपटावर मजुराचे नाव होते, दिवस होते आणि अंगठा होता.