एकवीस गिअर आणि कात्रजचा घाट

गेल्या रविवारी कात्रजच्या जुन्या घाटात ऐन चढावर माझी चेन पडली. मागे ट्रकचा हॉर्न, कडेला मी आणि माझे काळेकुट्ट हात. घरी आल्याआल्या सायकल विकायची जाहिरात टाकली!

सोमवारी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी विचारलं, "चढावर जोर लावत गिअर टाकलास ना?" टाकला होता, बॉस.

मग त्यांनी मागचं चाक उचलून दाखवलं. डिरेलर चेनला नुसता बाजूला ढकलतो. शेजारच्या चकतीवर ती चढते ती फिरता फिरता. पायांच्या जोराने ताणलेली असली की अडते, नाहीतर घसरते. म्हणून चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाकायचा आणि टाकताना पाय क्षणभर सैल सोडायचे, पण फिरते ठेवायचे.

माझ्या सायकलला पुढे ४२ दाते, मागे १४ घेतले, तर पायडलच्या एका फेरीत चाकाच्या तीन फेऱ्या. सपाट रस्त्याला झक्कास! पुढे २४, मागे २८ केले तर एकसुद्धा पुरती होत नाही. वेग जातो, गुडघे वाचतात. (दोन्हीकडची मोठी चकती एकदम नको, चेन तिरकी ओढली जाते. म्हणजे एकवीसच्या एकवीस गिअर वापरायचे नसतातच!)

जाहिरात काल काढून टाकली. रविवारी पुन्हा कात्रज.