एका छायाचित्राने भागत नाही

१८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली आणि माळव्यातील जुनी ठाणी मागे पडली. १८११ साली यशवंतराव होळकरांनी जेथे देह ठेवला, ते भानपुरा आज लहानसे नगर आहे. अशा गावांतील ओस वास्तूंची छायाचित्रे घेण्याचा छंद आपल्या काही व्यवसायबंधूंना आहे. छंद उत्तम, परंतु ढासळत्या भिंतीवरचे मावळते ऊन टिपल्याने त्या वास्तूचे काही भले होते, असे मला वाटत नाही.

बालकाचे एकदाच घेतलेले वजन फारसे सांगत नाही; वेळोवेळी भरलेला वाढीचा आलेख मात्र वेळीच सावध करतो. वास्तूचेही तसेच. मालकाची संमती घेऊन दरवर्षी त्याच जागेवरून, मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. गाव व तारीख लिहावी. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते. भेगेतील पिंपळाचे मूळ दगड सरकवते. ही हानी क्रमाने घेतलेल्या छायाचित्रांतच उमगते. रोप कोवळे असते तोवरच उपटता येते. तेवढा अवधी मालकाला मिळवून देणे आपल्या कॅमेऱ्याला सहज शक्य आहे.