बेडूक वाचला, विद्यार्थ्याचे काय?

प्रयोगशाळेतल्या प्राणी-विच्छेदनाविरुद्ध बोलले की चळवळीतले कार्यकर्ते लगेच सावध होतात. "हे शाकाहारवाल्यांचे खूळ," म्हणतात. ही सावधगिरी आम्हाला समजते. अहिंसेच्या नावाने आमच्या ताटात डोकावणारे आम्ही पाहिले आहेत. 2015 साली महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही बंदी आली, तेव्हा कोणाच्या पोटावर पाय आला हे सर्वांना ठाऊक आहे. मुंगीला साखर घालायची आणि माणसाला पाणवठ्यावरून हाकलायचे, ही करुणा नव्हे.

पण विरोधकांनी करुणा हा शब्द बाटवला म्हणून तो आपण टाकून द्यायचा काय? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानले. नियम डोळे झाकून पाळला जातो, तत्त्व विचार करून लावावे लागते. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी, हा फरक त्यांनी तिथे दाखवला. हीच कसोटी विच्छेदनाच्या ट्रेला लावून पाहू. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापलेले आहे. तेच पुन्हा पाहण्यासाठी दरवर्षी नवे बेडूक मारण्याची गरज कोणती?

कायदाही हेच विचारतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे 17 वे कलम सांगते की पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांनी काम भागत असेल तर प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. नुसता हात बसावा म्हणूनही ते शक्यतो करू नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून ते थांबवायला सांगितले. संविधानाच्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दया आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन कलमे एकापाठोपाठ एक येतात. एकासाठी दुसऱ्याचा बळी द्यावा, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही.

"हातात सुरी घेतल्याशिवाय विज्ञान कळत नाही," असा युक्तिवाद होतो. आम्हाला हे सांगू नका. 1836 मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले, तेव्हा प्रेताला हात लावणे हाच मोठा धर्मभंग होता. त्याच काळात गावोगाव आमचे पूर्वज मेलेली ढोरे ओढत होते, सोलत होते. कोणता सांधा कुठे सुटतो, हे त्यांना तोंडपाठ होते. त्या माहितीला कोणी ज्ञान म्हटले नाही, विटाळ म्हटले. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, असे आवाहन केले ते स्वाभिमानासाठी. कापणाऱ्याला आपोआप प्रतिष्ठा मिळत नाही आणि ज्ञानही मिळत नाही. ते प्रश्न विचारण्याने, निरीक्षणाने आणि पडताळणीने मिळते. डॉक्टर होणाऱ्याला मानवी देह अभ्यासावाच लागतो. तिथे गरज खरी आहे, आणि देहदानामागे माणसाची संमतीही असते.

आता खरा प्रश्न. विच्छेदन थांबले, पण त्याच्या जागी काय आले? शहरातल्या महागड्या संस्थेत संगणकावर त्रिमितीय बेडूक फिरवून पाहता येतो. आश्रमशाळेत किंवा तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेला कुलूप असेल, तर विद्यार्थी गाइडमधली आकृती जर्नलमध्ये उतरवतो. बेडूक वाचला, पण विद्यार्थी नागवला गेला. ही करुणा अर्धवट आहे, आणि या अर्धवटपणाची किंमत आपलीच पोरे मोजतात.

म्हणून मागणी दुहेरी हवी. प्राणी मारू नका, आणि पर्याय सर्वांना द्या. मराठीतली सॉफ्टवेअर, हाताळता येतील अशा प्रतिकृती, आणि चालू स्थितीतले संगणक. शिवाय पावसाळ्यात गावच्या तळ्यावर वर्ग भरवा. अंड्यातून शेपटीवाले पिल्लू, मग त्याला पाय फुटताना पाहणे, हे मेलेल्या बेडकात कधीच दिसत नाही. बेडूक पिकावरचे किडे खातो. त्याच्या तंगड्यांची निर्यात भारताने 1987 मध्ये बंद केली. पर्यावरण शिकवायला याहून जिवंत धडा कोणता?

मित्रहो, आपल्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात जा आणि विचारा: विच्छेदनाऐवजी इथे काय शिकवले जाते, त्यावर किती खर्च झाला? उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.

जय भीम!