काकाचा आजार आणि पुतणीची सोयरीक



कोळसेवाडीतली एक ठरलेली सोयरीक परवा अडली. साखरपुड्याची तारीख ठरली होती, भन्तेजींना निमंत्रण गेले होते. तेवढ्यात कोणीतरी मुलाच्या मामांच्या कानावर घातले की, मुलीचा सख्खा काका ठाण्याच्या मनोरुग्णालयात राहून आलेला आहे. झाले! "त्यांच्या रक्तातच वेड आहे," अशी बोलणी सुरू झाली. दोन्ही घरांत आमचे येणे-जाणे असल्यामुळे आम्हाला बोलावणे आले. मुलीची आई पदराने डोळे पुसत एवढेच म्हणाली, "भाऊ, यात माझ्या पोरीचा काय गुन्हा?"

आपल्याकडे लोकलच्या डब्यातसुद्धा कोणी विचित्र वागला की "याला ठाण्याला पाठवा" म्हणून हसतात. ठाण्यात राहणारी माणसेही हसतात. शंभराहून अधिक वर्षे तिथे रुग्णांवर उपचार होत आहेत, पण त्या गावाचे नाव आपण शिवीसारखे वापरतो. म्हणून तर ज्या घरातला माणूस तिथे जातो ते घर तोंड बंद ठेवते. या घरानेही ठेवले होते. पाहुण्यांना सांगितले होते, "भाऊ गावी असतो."

काकाला स्किझोफ्रेनिया आहे. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणी आपल्यावर पाळत ठेवून आहे असे वाटणे, ही त्याची ठळक लक्षणे. तो रक्तातून येतो का? याला "नाही" म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण ते खोटे ठरले असते. आनुवंशिकता आहे. प्रश्न किती, हा आहे. आम्ही कारकुनी करणारी माणसे. आकडा पाहिल्याशिवाय आमचे समाधान होत नाही.

कोणत्याही शंभर माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. आईला किंवा वडिलांना असेल तर मुलांत हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जाते. काका-मामाला असेल तर तीन-चार. म्हणजे या मुलीसारख्या शंभर पुतण्यांपैकी शहाण्णव-सत्त्याण्णव जणींना तो होत नाही. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांपैकी एकाला झाला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरा निरोगी राहतो. आणि उलट बाजूही पाहा. बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार नसतो. मामांनी दुसरे घर शोधले म्हणून त्यांना हमी कोण देणार?

२०२२ साली 'नेचर' या नियतकालिकात एक मोठे संशोधन आले. शहात्तर हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकांची तपासणी करून या आजाराशी संबंध असलेल्या २८७ जागा त्यात दाखवल्या आहेत. एकेका जागेचा वाटा चिमूटभर. यातल्या कितीतरी चिमटी तुमच्या-आमच्यातही असतात. या अभ्यासांतली बहुतांश माणसे युरोपीय वंशाची असल्यामुळे, रक्त तपासून आपल्या मुलीचे भविष्य सांगतो म्हणणाऱ्यावर आज तरी विश्वास ठेवू नये.

ही जनुके मेंदूत करतात काय? एक उदाहरण २०१६ साली पुढे आले. वयात येताना मेंदू आपल्या पेशींमधले नको असलेले जोड काढून टाकतो, द्राक्षबागेची छाटणी करतात तसे. सी-फोर नावाच्या जनुकाचे काही प्रकार ज्यांच्यात असतात त्यांच्यात ही छाटणी गरजेपेक्षा जास्त होत असावी, असे शास्त्रज्ञांना वाटते. म्हणूनच कदाचित हा आजार पंधरा ते तीसच्या दरम्यान डोके वर काढतो. आणि त्याची सुरुवात आवाजांनीच होते असे नाही. त्याआधी कधी कधी वर्ष-दोन वर्षे लक्ष लागत नाही, सांगितलेले डोक्यात राहत नाही, मार्क घसरतात, मुलगा मित्रांना टाळतो. घरचे म्हणतात, आळशी झाला. गोळ्यांनी पुढे आवाज थांबतात, पण लक्ष आणि स्मरणशक्ती तितक्या लवकर सुधारत नाही. बरा झालेला माणूस कामात मंद दिसतो तो यामुळे, कामचुकारपणामुळे नव्हे.

मामांना हे सगळे आम्ही सांगितले. मग त्यांना १९३६ सालच्या बाबासाहेबांच्या 'जातिभेद निर्मूलना'ची आठवण करून दिली. माणसे जन्मतः सारखी नसतात हे बाबासाहेब मान्य करतात. पण माणूस घडतो तो आनुवंशिकतेसोबतच घराने-समाजाने दिलेल्या वारशाने आणि स्वतःच्या प्रयत्नाने, हेही ते सांगतात. रक्ताच्या शुद्धतेचा जातीने केलेला दावा त्यांनी तिथेच खोडून काढला आहे. "त्यांच्या रक्तातच आहे" हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी किती ऐकले! ते आपण आपल्याच मुलीला ऐकवायचे? मामा काही बोलले नाहीत. चहा मात्र घेतला.

निघताना मुलीच्या आईने आम्हाला दाराशी थांबवले. धाकटा बारावीला आहे. सहा महिन्यांपासून रात्रभर जागा, दिवसा एकटाच बसून. वडील कंपनीतून आले की त्याला मारतात. नात्यातली एक बाई त्याला उतारा करायला घेऊन जा म्हणते. (बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात उतारा!) आम्ही विचारले, "तो गांजा ओढतो का?" आई गप्प. ज्याच्या घरात हा आजार आहे त्याच्यासाठी गांजा जास्तच घातक असतो.

प्रत्येक जागरण म्हणजे आजार नव्हे, हे आम्ही तिला सांगितले. तरीही तपासून घ्या म्हटले. लवकर उपचार सुरू झाले तर शिक्षण, नोकरी हातची जाण्याचा धोका कमी होतो. सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलतात. तो क्रमांक आम्ही वहीच्या कागदावर लिहून दिला.

साखरपुड्याचे अजून नक्की नाही. मुलगा मुलीशी फोनवर बोलतो, एवढे कळते. धाकट्याला मात्र आईवडील बुधवारी सकाळच्या लोकलने ठाण्याला घेऊन गेले. वडिलांनी अर्धा दिवस रजा टाकली. डॉक्टरांनी आधी झोपेचे विचारले, मग अभ्यासाचे, मग विचारले, घरात कोणाला असा त्रास होता का? वडिलांनी मान खाली घातली. आई म्हणाली, "हो. याच्या काकांना. त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी आणलीय मी."