कळ आणि काच

फोनवरची खरीखुरी बटणे गेली त्याची हळहळ अजून शमलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘क्लिक्स’ नावाचे एक आवरण जाहीर झाले. ते आयफोनवर चढवले की त्याच्या पायथ्याशी ब्लॅकबेरी फोनसारखी छोटी छोटी बटणे येतात. ज्या वस्तूचा निकाल लागून इतकी वर्षे झाली तिच्यासाठी आजही कोणी पैसे मोजायला तयार असेल, तर तिच्या बाजूने काहीतरी खरे असलेच पाहिजे. ते असे सांगितले जाते: बोटाला बटणाची कड लागते, काचेची लागत नाही, बटणांवर न बघता लिहिता येई, चुका कमी होत आणि लिहिताना अर्धा पडदा झाकला जात नसे. यांतला एकही मुद्दा खोटा नाही. पण त्यांवरून काचेने फोनवरचे लिहिणे मागे नेले असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. मराठी लिहिणाऱ्याने तर तो मुळीच मान्य करू नये, कारण बटणांच्या स्मार्टफोनांच्या त्या सुवर्णकाळात आपल्या लिपीला जागाच नव्हती.

आधी वेगाचे बघू, कारण बटणांच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम पुरावा तिथेच आहे. आल्टो, केंब्रिज आणि ईटीएच झुरिक या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ३७ हजारांहून अधिक लोकांचे फोनवरचे टंकन तपासले. दोन्ही अंगठ्यांनी काचेवर लिहिणाऱ्यांचा वेग मिनिटाला सरासरी ३८ शब्द भरला. संगणकाच्या मोठ्या कीबोर्डावर आधीच्या अभ्यासात तो ५२ च्या आसपास होता. हे आकडे काचेच्या विरोधात नेहमी पुढे केले जातात, पण ती तुलना मेजावरच्या दहा बोटांची आणि हातातल्या दोन अंगठ्यांची आहे. फोनवरच्या बटणांबद्दल ती काहीच सांगत नाही. खरा प्रतिपक्ष वेगळा आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये २००५ साली अंगठ्यांनी वापरायच्या छोट्या बटणांच्या कीबोर्डांचा अभ्यास झाला, आणि सुमारे ४०० मिनिटांच्या सरावानंतर त्यातले लोक मिनिटाला सरासरी ६० शब्दांपर्यंत पोहोचले. हा वेग काचेवरच्या सरासरीच्या दीडपटीहून जास्त आहे. निवडक, सराव करवून घेतलेले लोक आणि हजारो सामान्य वापरणारे यांची तुलना काटेकोर नसते हे खरे. तरी सरावलेल्या हाताला बटणे काचेपेक्षा वेगवान ठरतात हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

मात्र ते ६० शब्द इंग्रजी होते. सव्वीस अक्षरे, प्रत्येकाला स्वतःची कळ, आणि मोठ्या लिपीसाठी एक शिफ्ट, एवढ्यावर भागणाऱ्या भाषेचा तो वेग आहे. मराठीसाठी तेच गणित मांडून पाहावे. चौतीस व्यंजने, ॲ आणि ऑ धरून तेरा स्वर, त्यांच्या मात्रा, अनुस्वार, विसर्ग, चंद्रबिंदू आणि पाय मोडण्याची खूण धरली तर साठाच्या वर चिन्हे होतात. फोनवरच्या बटणांच्या पट्टीत कळा असत पस्तीसच्या आसपास, त्यांतही स्पेस, एंटर, शिफ्ट यांची जागा जायची. म्हणजे निम्म्याहून अधिक चिन्हे शिफ्टच्या आड ढकलावी लागणार, आणि नखाएवढ्या कळेवर दोन मराठी अक्षरे, एक रोमन अक्षर आणि वर एखादा आकडा छापावा लागणार. अशी कळ वाचता येत नाही, आणि वाचता न येणारी कळ शिकणार कोण? कारखानदाराचा हिशेब त्याहून कठोर होता. प्रत्येक लिपीसाठी वेगळी छपाई, वेगळा साठा, वेगळी मागणी. अरबी आणि रशियन अक्षरे छापलेले फोन निघाले, कारण तिथल्या बाजाराने तशी सक्ती केली. आपल्याकडे बटणांचे जे स्मार्टफोन भारीतले म्हणून मिरवले गेले ते रोमन अक्षरे घेऊन आले, आणि आपण त्याची साधी तक्रारही केली नाही.

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी याच दुखण्यावर बोट ठेवले होते: प्लास्टिकात ओतलेली बटणे गरज असो वा नसो तिथेच राहतात, आणि फोन विकला गेल्यावर नवी कल्पना सुचली तरी एक बटण वाढवता येत नाही. त्यांच्या मनात देवनागरी नव्हती. पण त्यांच्या म्हणण्याची सर्वांत चांगली साक्ष देवनागरीनेच दिली. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये आले एप्रिल २००८ मध्ये. त्याआधी ओतलेल्या फोनच्या कळांवर त्याला स्वतःची जागा मिळण्याची शक्यता फारच कमी होती. रुपयाचे ₹ हे चिन्ह सरकारने स्वीकारले १५ जुलै २०१० रोजी, आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेले. त्या दिवशी खिशात असलेल्या बटणांच्या फोनांच्या कळांवर ते चिन्ह फोन मोडीत निघेपर्यंत उमटले नाही. काचेच्या फोनांना मात्र ते एका अद्ययावतीकरणात मिळू शकत होते. फोन जुना होण्याआधी लिपी वाढू शकते, ही गोष्ट इंग्रजीला किरकोळ वाटेल. जिच्या संगणकीय रूपाची घडण अजून चालूच आहे त्या लिपीला ती जीवनमरणाची आहे.

याच्या मागे शतकाहून मोठा इतिहास आहे. यंत्र आणि देवनागरी यांची गाठ पडली तेव्हा तेव्हा वाकावे लागले ते लिपीला. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याची खटपट केली, कारण जोडाक्षरांसकट देवनागरी जुळवायची तर खिळ्यांची घरे पुरत नसत. सावरकरांनी अ ला मात्रा लावून अि, अी, अु लिहायची सूचना केली, तीही लेखन आणि छपाई यांतले आकार कमी व्हावेत म्हणून. ही माणसे लिपीवर प्रेम करणारी होती. यंत्र बदलता येत नव्हते म्हणून त्यांनी अक्षरे बदलायला घेतली. पुढे संगणकातल्या फॉन्टांनी छापण्यापुरती ही सक्ती उठवली आणि पडद्यावर हवे ते जोडाक्षर उमटू लागले. पण लिहिणाऱ्याच्या बोटाखालचे यंत्र तेच राहिले: ठरावीक कळा, ठरावीक जागा. ती शेवटची सक्ती काचेने उठवली. लिहिण्याच्या यंत्रावरही वाकण्याची पाळी येऊ शकते, हे आपल्या लिपीने पहिल्यांदा अनुभवले ते इथे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. रोमन बटणांवर उच्चाराप्रमाणे टाइप करावे, देवनागरी करण्याचे काम सॉफ्टवेअरने करावे. मग कळांवर मराठी छापलेले हवेच कशाला? पुष्कळ लोक संगणकावर असेच लिहितात आणि चांगले लिहितात. पण या पद्धतीत मराठीला स्वतःच्या घरात रोमनच्या दारातून शिरावे लागते. एम, ए, एल ही तीन अक्षरे टाइप केली की माल, माळ, मळ आणि मल हे चार शब्द दारात उभे राहतात आणि त्यांतला कोणता हवा ते निवडत बसावे लागते. नाहीतर ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल वेगळे दाखवणारे संकेत पाठ करावे लागतात. ज्याची सगळी शाळा मराठीत झाली, ज्याला इंग्रजी अक्षरांची जागा शोधावी लागते, त्याला आपल्या आईशी बोलण्यासाठी आधी परकी लिपी शिकायला सांगणे अन्यायाचे आहे. काचेवरही हवे तर उच्चारी पद्धत वापरता येते, आणि ती सोयीची वाटणाऱ्यांनी जरूर वापरावी. फरक इतकाच की काचेवर ती निवड आहे, त्या रोमन बटणांवर तिच्याशिवाय दुसरी वाटच नव्हती.

आता जमेची बाजू. मुंबईच्या आयआयटीतील अभिकल्प केंद्रात २०१३ च्या सुमारास ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड तयार झाला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने, क ख ग घ अशी मांडलेली असतात. एखाद्या व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्याभोवती एक चक्र उमलते. त्यात का, कि, की, कु असे पर्याय दिसतात आणि बोट त्या दिशेला सरकवले की अक्षर पूर्ण होते. मूल पाटीवर जी बाराखडी गिरवते तीच इथे बोटाखाली फिरते. वर्णमाला येणाऱ्या माणसाला यात नव्याने पाठ करण्यासारखे जवळजवळ काही उरत नाही. ही कल्पना बटणांत उतरवून दाखवा म्हटले तर येणारच नाही, कारण प्रत्येक व्यंजनाभोवती दहा कळा क्षणभर उगवून नाहीशा होतील असे प्लास्टिक नसते. आणखी काही कीबोर्ड व्यंजन टाइप होताच वरच्या ओळीतले स्वर बदलून त्याच व्यंजनाची मात्रेसह रूपे दाखवतात. मात्रेनंतर मात्रा येत नाही, पाय मोडल्यावर बहुधा व्यंजनच येणार, असे आपल्या लिपीचे स्वतःचे नियम आहेत. पुढचे अक्षर ताडून त्याची स्पर्शाची अदृश्य जागा थोडी मोठी करणे काचेला जमते. हे नियम हाताशी असले तर तिचा नेम देवनागरीत अधिक अचूक बसायला हवा. वर्णमाला इतकी शास्त्रशुद्ध म्हणून आपण तिचे कौतुक करतो. त्या शास्त्राचा उपयोग करून घेणारे लेखनयंत्र आता कुठे हाती आले आहे.

स्पर्शाच्या आक्षेपाला मी उत्तर देऊन तो संपवू शकत नाही. पाचाच्या कळेवरचा तो बारीक उंचवटा दृष्टिहीन माणसाला सगळी पट्टी उलगडून देत असे. सपाट काचेवर तसे काही नाही. फोनची थरथर ही दाबल्यानंतरची पावती आहे, दाबण्याआधीची खूण नाही. तरीही काच इथेही अगदी हात टेकत नाही. बोट फिरेल तसे अक्षर बोलून दाखवणारी सोय आयफोनवर २००९ पासून आहे. २०१४ मध्ये आयफोनच्या पडद्यालाच ब्रेल लिहिण्याचे यंत्र करता येऊ लागले: सहा बोटे काचेवर टेकायची, त्यांची जागा फोनने ओळखायची आणि ठिपक्यांच्या जुळणीने अक्षर उमटवायचे. स्पर्शावर वाचणाऱ्याची लिपी स्पर्शहीन काचेवर लिहिता आली, याचे कारण पुन्हा तेच: तिच्यावर आधीपासून काही ओतलेले नव्हते. ज्यांना बटणांची खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी जोडणीचे कीबोर्ड मिळत राहावेत. त्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही.

ब्लॅकबेरी बाजारात हरली म्हणून बटणे वाईट, हा युक्तिवाद मात्र मी करणार नाही. बाजारात चांगल्या वस्तूही हरतात. तिच्या शेवटच्या काळातली एक गोष्ट तेवढी बोलकी आहे. २०१४ च्या ‘पासपोर्ट’ या फोनवर बटणांच्या तीनच ओळी ठेवल्या गेल्या. आकडे आणि विरामचिन्हे वर काचेवर, गरज पडेल तशी येत. बटणांच्या सर्वांत निष्ठावंत कारागिरांनाही बदलती अक्षरे काचेवरच ठेवावी लागली.

काचेची बाजू घेतल्यावर तिच्याकडून आपले येणे मागणेही ओघाने आलेच. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६३३३ या मानकाच्या तिसऱ्या भागाने फोनवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यावे अशी अट घातली. अट पुरी होते, पण ‘आणखी एक’ ही भाषा पुष्कळदा हिंदीच्या साच्यातच बसवली जाते. १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी एकत्र बेतलेल्या इन्स्क्रिप्ट या कळांच्या मांडणीत ‘ळ’ शिफ्टच्या आड आहे. प्रत्यक्ष कळांवर त्याला इलाज नव्हता. पण वेळ, शाळा, सकाळ, मिळणे, त्यामुळे असे शब्द दर दोन वाक्यांआड लागणाऱ्या भाषेने काचेच्या काही कीबोर्डांवरही ‘ळ’साठी ‘ल’ दाबून का धरून ठेवावा? ‘ऱ’ची तर आणखी दैना. तो कुठे लपला आहे ते न सापडल्याने लोक साधा ‘र’ घेऊन मोकळे होतात, मग आचाऱ्यांना दिलेला निरोप आचार्यांना जातो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. ही चूक लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनाच्या माथी मारली जाते. तिचे मूळ एका अक्षराच्या जागेत आहे. ते अक्षर पहिल्या थरात आणायला साचा नको, कारखाना नको, नवा फोनही नको. मराठी कीबोर्ड बनवणाऱ्यांनी ‘ळ’ आणि ‘ऱ’ समोर आणून ठेवावेत, आणि ते येईपर्यंत आपण प्रत्येक अभिप्रायात ते मागत राहावे.