चेहऱ्याचे वर्गणीदार

राजा असला की त्याच्या तसबिरीचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न उद्भवत नाही. पैसे खजिन्यातून निघतात आणि नाक किती सरळ काढायचं हे चित्रकाराला न सांगता कळतं. अमेरिकेने राजा नाकारला आणि हा प्रश्न ओढवून घेतला. 1792 मध्ये नाण्यांचा कायदा होताना अध्यक्षांचा मुखवटा नाण्यावर असावा अशी सूचना आली. लोकप्रतिनिधींनी ती फेटाळली. नाण्यावर स्वातंत्र्याचं प्रतीक आलं. पण लोकांना चेहरे तर हवेच होते, आणि छायाचित्र अजून जन्मायचं होतं. रंगवलेलं चित्र एकाच भिंतीवर लागतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरलं तर शेकडो घरांत जातं. फक्त कोरणाऱ्याने तोवर खायचं काय?

उत्तर इंग्रजी अमलातल्या बॉस्टनमध्ये आधीच सापडलं होतं: वर्गणी. 1728 मध्ये पीटर पेलहॅमने नुकतेच वारलेले धर्मोपदेशक कॉटन मेदर यांचं छापचित्र याच रीतीने काढलं. जाहिरात द्यायची, नावं नोंदवायची, काही रक्कम आगाऊ घ्यायची, उरलेली छाप हाती पडल्यावर. आपले प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलतीत ग्रंथ विकतात, तसंच.

माझी नोकरी बँकेत गेली. पेलहॅम कर्जाचा अर्ज घेऊन समोर बसला असता, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. तारण काय, तर एक पत्रा, ज्यावरून दुसऱ्या कुणाचा चेहरा छापता येत नाही! त्यात त्याची पद्धत मेझोटिंटची. आधी सगळा पत्रा दातेरी हत्याराने खरबरीत करायचा आणि जिथे उजेड हवा तिथे खरवडत जायचं. तांबं मऊ, त्यामुळे बारकावे लवकर झिजतात. पेलहॅमला नाच शिकवावा लागला, शाळा चालवावी लागली, आणि पुढे ज्या विधवेशी त्याने लग्न केलं तिचं तंबाखूचं दुकान होतं. (तिचा मुलगा म्हणजे चित्रकार कॉप्ले. सावत्र बापाचं कर्ज म्हणायचं ते असं फिटलं.)

दुसरा मार्ग सोपा होता. चेहरा ज्याचा, खर्च त्याचा. फ्रान्समधून परागंदा झालेला सँ मेमँ यंत्राने बाजूचा चेहरा रेखून घेई. पुरुषांना 25 डॉलर, बायकांना 35. त्यात चित्र, कोरलेला पत्रा आणि बारा छापा. 1804 मध्ये जेफर्सनही त्याच्यासमोर बसले. धंदा म्हणून मी याला डोळे मिटून कर्ज दिलं असतं. चित्रंही देखणी आहेत. पण ती आप्तेष्टांना वाटायची आठवण झाली. ज्याने पैसे दिले त्याची हनुवटी बिघडवायची कशाला?

म्हणून मला वर्गणीचाच मार्ग सरस वाटतो. एडवर्ड सॅव्हेजने 1798 मध्ये वॉशिंग्टन कुटुंबाचं छापचित्र काढलं, तेव्हा खुद्द वॉशिंग्टन चार प्रतींचे वर्गणीदार होते, इतरांसारखेच. अर्थात वर्गणीदार म्हणजे न्यायाधीश नव्हेत. त्याच चित्रात कडेला, सावलीत, गणवेशातला एक गुलाम उभा आहे. त्याच्या चेहऱ्यासाठी कुणी नाव नोंदवलं नव्हतं, आणि सॅव्हेजनेही तो अंधुकच ठेवला.

या मार्गाची किंमत सर्वांत जास्त मोजली ती जेम्स लाँगेकरने. जेम्स हेरिंगबरोबर त्याने नामवंत अमेरिकनांच्या चित्रांचे आणि चरित्रांचे चार खंड 1834 ते 1839 या काळात काढले. मध्येच 1837 चं आर्थिक संकट कोसळलं. अशा वेळी माणसं भाकरीचा खर्च थांबवत नाहीत, पुस्तकांचा थांबवतात. लाँगेकर कर्जात बुडाला आणि स्वतःचे खंड घेऊन गावोगाव विकत फिरला. त्याला सरकारी मदत मिळायला हवी होती असं म्हणणारे भेटतील. मला ते पटत नाही. सरकारने पैसे दिले असते, तर चार खंडांत कोण असावं आणि कोण नसावं हेही सरकारनेच सांगितलं असतं.

1844 मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत मुख्य कोरीव कारागीर म्हणून त्याची नेमणूक झाली आणि महिन्याचा पगार सुरू झाला. नामवंतांचे चेहरे कोरण्यात उमेद घालवलेल्या या माणसाला नाण्यांवर मात्र एकाही नामवंताचा चेहरा कोरायचा नव्हता. 1792 चा कायदा आडवा होता.